लोणी गेले, चीज आले

आमच्या गावच्या कन्याशाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका बाई गेल्या महिन्यात फिनलंडहून परत आल्या. मुलगी-जावई तिकडे हेलसिंकीजवळ नोकरीला आहेत. नातवाच्या बारशाला म्हणून गेल्या आणि जवळजवळ तीन महिने राहिल्या. परवा रक्तदाब तपासायला दवाखान्यात आल्या तेव्हा त्यांनी पिशवीतून एक वस्तू काढून माझ्या टेबलावर ठेवली. लाकडी मूठ, पुढे उलथन्यासारखे पसरट पाते आणि पात्याच्या मधोमध एक धारदार फट.

"ओळखा, डॉक्टर."

मी म्हटले, उलथने. फट कशाला ठेवली आहे ते कळत नाही.

"चीज कापायचे हत्यार आहे. तिकडे घरोघरी असते. तुमच्यासाठी मुद्दाम आणले."

'मुद्दाम' या शब्दावरचा जोर मला लगेच कळला. बाई माझ्या जुन्या श्रोत्या. गेली वीस-बावीस वर्षे शाळेत, महिला मंडळात, ज्येष्ठ नागरिक संघात, जिथे म्हणून हृदयविकारावर बोलायला बोलावतात तिथे मी फिनलंडचा दाखला देत आलो आहे. लोणी सोडून एका अख्ख्या देशाने हृदयविकार कसा आटोक्यात आणला, ही माझ्या व्याख्यानातली हमखास टाळी घेणारी गोष्ट. ती ऐकून बाईंनी घरातले तूप बंद केलेले, आणि आता त्या प्रत्यक्ष तो देश पाहून आल्या होत्या.

"लोणी सोडले ते खरे," बाई म्हणाल्या, "पण अहो, सकाळी पावावर चीज, दुपारी चीज, रात्री झोपण्यापूर्वीही पावावर चीज! जावयाच्या शेजारची आजी तर भाजलेल्या चीजचे तुकडे कॉफीत बुडवून खाते. मग आम्हालाच का वरणभातावरच्या तुपाची बंदी?"

मुख्याध्यापिकेने उभे केले की अजून माझी बोबडी वळते. दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली आणि जुनी-नवी पुस्तके काढून बसलो. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो: बाईंचे निरीक्षण बरोबर होते आणि माझे व्याख्यान अर्धवट.

आधी माझी बाजू. १९६० च्या दशकात आणि सत्तरीच्या सुरुवातीला फिनलंडच्या पुरुषांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण जगात सर्वांत जास्त होते. त्यातही पूर्वेकडचा उत्तर कारेलिया हा प्रांत आघाडीवर. ही माणसे खुर्चीत बसून फुगलेली नव्हती. लाकूडतोडे, शेतकरी, बर्फात दिवसभर राबणारी. अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी सात देशांची जी प्रसिद्ध पाहणी केली, तिच्यात पूर्व फिनलंड एका टोकाला आणि ग्रीसचे क्रीट बेट दुसऱ्या टोकाला होते. जानेवारी १९७१ मध्ये उत्तर कारेलियाच्या लोकांनीच सरकारकडे अर्ज केला की आमची माणसे ऐन उमेदीत मरत आहेत, काही तरी करा. १९७२ मध्ये काम सुरू झाले. प्रमुख होते डॉ. पेक्का पुस्का, तेव्हा वय तिशीच्या आत. त्यांनी इस्पितळ बांधले नाही. ते महिला मंडळांत गेले, दूध डेऱ्यांत गेले, बेकरीत गेले. त्या वेळी दहापैकी जवळजवळ नऊ माणसे पावाला लोणीच लावत. पुढच्या साडेतीन दशकांत हे प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास आले. स्वयंपाकात मोहरीच्या जातीच्या बियांचे तेल आले, मीठ कमी झाले, सिगारेट कमी झाली, दुभत्या गाई कमी करून काही शेतकऱ्यांनी बोरांसारख्या फळांची लागवड धरली. कमावत्या वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू चाळीस वर्षांत ८० टक्क्यांहून जास्त घटले. पुढच्या काळात औषधे आणि शस्त्रक्रियांचाही यात हात होता, पण मोठा वाटा आहार, मीठ आणि तंबाखू यांचाच.

इथपर्यंत माझे व्याख्यान बरोबर. आता बाईंची बाजू.

ज्या काळात लोणी घटत होते त्याच काळात फिनलंडमध्ये चीज वाढत होते. १९७० च्या सुमारास माणशी वर्षाला पाच किलोच्या आसपास चीज खाल्ले जाई. आज तो आकडा वीस किलोच्या बराच पुढे आहे. वीस धरले तरी रोजचे ५५ ग्रॅम होतात, लहान मुले आणि चीज न खाणारे धरून!

हे कसे झाले ते आपल्या वाचकांना समजायला जड जाणार नाही, कारण दुधाचा धंदा आपल्या जिल्ह्यातही आहे. गाईच्या दुधात शेकडा चार चरबी. लोकांनी साय काढलेले दूध प्यायला सुरुवात केली म्हणून गाय काही साय द्यायची थांबत नाही. ती साय कुठे तरी जाणारच. लोणी खपेना, तेव्हा डेऱ्यांनी दूध चीजकडे वळवले. चीज म्हणजे थोडक्यात दूध रेनेट घालून गोठवायचे, निवळी काढून टाकायची, राहिलेला गोळा मीठ लावून दाबायचा आणि महिनोन्‌महिने मुरवत ठेवायचा. आपला चक्का दाबून, खारवून, मुरवला अशी कल्पना करा. दहा लिटर दुधाचे साधारण एक किलो कठीण चीज होते आणि त्यात पाव भागाहून अधिक चरबी असते. लोण्याच्या डब्यावर चरबी दिसते, चीजमध्ये ती दिसत नाही. माणसाला वाटते आपण प्रोटीन खातो आहोत. ते खोटेही नाही, म्हणून तर फसायला होते.

फिनलंडचे दूध पुष्कळसे बाहेर विकले जाई, रशियातही. ऑगस्ट २०१४ मध्ये रशियाने युरोपच्या मालावर बंदी घातली, तेव्हा रशियन लिपीतल्या वेष्टनात तयार असलेले चीज फिनलंडच्याच दुकानांत पडेल भावाने आले आणि लोकांनी त्याला 'पुतिन चीज' म्हणत गोण्या भरून नेले. स्वस्त झाले की माणूस खातो. यात देश कुठलाही असो.

आता शेजारी पाहा. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क. चारही देशांची हवा थंड, धर्म एक, गाई उत्तम, आणि आज चारही देश चीज खाण्यात जगाच्या पहिल्या रांगेत. पण प्रत्येकाची वाट वेगळी, आणि एकाचे चटके शेजाऱ्याला बसलेले.

नॉर्वे चीजच्या बाबतीत फिनलंडपेक्षा कितीतरी आधीपासून शौकीन. बाईंनी आणलेले हत्यार मूळचे तिथलेच. लिलेहामर गावच्या थोर ब्यॉर्कलुंड नावाच्या सुताराने १९२५ मध्ये ते तयार केले, आपल्या रंध्यावरून त्याला ते सुचले. रंध्याने लाकडाची ढलपी निघते तशी चीजची पातळ ढलपी निघते. त्यांचे एक खास तपकिरी चीज आहे. ते खरे तर निवळीचे, बासुंदी आटवावी तशी निवळी साय घालून आटवतात, आणि रंग थेट आपल्या पेढ्याचा. चवीलाही गोडसर. जानेवारी २०१३ मध्ये उत्तर नॉर्वेतल्या एका बोगद्यात २७ टन तपकिरी चीज भरलेल्या ट्रकला आग लागली आणि ती आग दिवसेंदिवस विझेना. चरबी आणि साखर एकत्र आली की काय पेट घेते, हे मी व्याख्यानात आजवर तोंडाने सांगत होतो. आता हा ट्रकच सांगत जाईन.

नॉर्वेची दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी देश ताब्यात घेतला. लोणी, चीज, मटण, अंडी सगळ्याची टंचाई झाली. आणि त्या हलाखीच्या वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या रोगांनी होणारे मृत्यू कमी झाले. युद्ध संपले, लोणी परत आले, मृत्यूही परत वाढले. स्ट्रॉम आणि येन्सन या दोघा डॉक्टरांनी १९५१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे मांडले तेव्हा डॉक्टरमंडळी चपापली. अर्थात त्या काळात तंबाखूचीही टंचाई होती, लोक चालतही जास्त होते. सगळे श्रेय लोण्याच्या अभावाला देता येत नाही. पण आहाराकडे पाहायची दृष्टी बदलली ती तिथून.

आणि याच नॉर्वेत डिसेंबर २०११ मध्ये, ऐन नाताळात, देशभर लोण्याचा दुष्काळ पडला. पावसाने चारा खराब झाल्याने दूध घटलेले. त्यात भात-पाव सोडा आणि चरबी खा, या नव्या आहाराची साथ पसरलेली. दुकाने रिकामी. स्वीडनच्या सीमेवर एका रशियन माणसाला गाडीत ९० किलो लोणी लपवून नेताना पकडले. आपल्याकडे साखरेच्या काळ्या बाजाराच्या बातम्या वाचत आमची पिढी वाढली, तेव्हा हसावे की नवल करावे कळेना. नॉर्वे बाहेरचे दुग्धपदार्थ सहज आत येऊ देत नाही. २०१३ पासून तर परदेशी कठीण चीजवर २७७ टक्के जकात लावली. परिणाम असा की नॉर्वेची कुटुंबे सुटीच्या दिवशी गाडी काढून स्वीडनच्या सीमेवरच्या गावात मटण आणि चीज भरायला जातात.

डेन्मार्कने उलटी वाट धरली. ऑक्टोबर २०११ मध्ये जगात प्रथमच संपृक्त चरबीवर कर बसवला: लोणी, चीज, मटण, तेल, ज्यात शेकडा २.३ हून जास्त संपृक्त चरबी ते सगळे करपात्र, किलो चरबीला १६ क्रोनर. आमच्यासारख्यांना उकळ्या फुटल्या. लोणी-मार्जरिनचा खप पहिल्या काही महिन्यांत १० ते १५ टक्के घटलाही. पण दुकानदार चिडले, हिशेब ठेवता ठेवता चीजवाले टेकीला आले, आणि गिऱ्हाईक उठून शेजारच्या जर्मनीत आणि स्वीडनमध्ये खरेदीला जाऊ लागले. सव्वा वर्षात, १ जानेवारी २०१३ ला, कर रद्द. माझे मत असे की कर वाईट नव्हता, एकट्याने लावला हे वाईट झाले. शेजारच्या गावात बारा महिने दारू मिळत असताना एकाच गावात दारूबंदी करून काय होते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

स्वीडनची गोष्ट थोडक्यात सांगतो पण ती सर्वांत महत्त्वाची. तिथल्या उत्तर भागात अनेक वर्षे लोकांच्या आहाराची आणि कोलेस्टेरॉलची नोंद ठेवलेली आहे. १९८० च्या दशकापासून चरबी घटली, कोलेस्टेरॉल घटले. मग २००४-०५ च्या सुमारास तीच चरबीवाल्या आहाराची लाट आली, लोणी परत पावावर बसले, आणि २००७ नंतर कोलेस्टेरॉल पुन्हा वर चढले. फिनलंडमध्येही २००७ ते २०१२ या काळात हेच झाले. दोन्ही देशांत चीज आधीही होते आणि नंतरही होते. फरक पडला तो लोण्याने.

तेव्हा चीज लोण्यापेक्षा सौम्य आहे का? होय, आहे. २०११ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी ४९ जणांना सहा आठवडे चीज आणि सहा आठवडे तेवढ्याच चरबीचे लोणी देऊन रक्त तपासले. लोण्याने वाईट कोलेस्टेरॉल जेवढे होते त्याहून चीजने कमी राहिले. चीजमधले कॅल्शियम थोडी चरबी आतड्यातच बांधून बाहेर नेत असावे, मुरण्याच्या क्रियेचाही काही गुण असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे. फिनलंडने लोण्याच्या जागी तेल आणि काही अंशी चीज आणले, त्यामुळे एकूण संपृक्त चरबी खालीच आली. शिवाय त्यांनी चीजलाही मोकळे सोडले नाही. कमी चरबीचे चीज बाजारात आणले, आणि १९९३ पासून जास्त मिठाच्या चीजवर, पावावर, सॉसेजवर तसा इशारा छापणे कायद्याने सक्तीचे केले.

बाईंना मी हे सारे सांगितले. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे मी आता चीज खाऊ?"

इथे मला आपल्या बसस्टँडसमोरच्या गाड्या आठवल्या. तिकडे लोण्याच्या जागी चीज आले. आपल्याकडे ते लोण्याच्या डोक्यावर येऊन बसले. पावभाजीच्या तव्यावर बटरचा गोळा फिरवतात, पाव बटरमध्ये लोळवतात आणि वरून भाजी दिसेनाशी होईपर्यंत चीज किसतात. डोशाला तेच, सँडविचला तेच, हल्ली वडापावालाही तेच. नॉर्वेच्या सुताराने एक ढलपी काढायचे हत्यार केले, आपण किसणी उचलली! त्यात आपल्याकडे मिळते ते बहुतेक प्रोसेस्ड चीज, म्हणजे चीज वितळवून सोडियमचे क्षार घालून परत घट्ट केलेले. त्याच्या १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅमच्या आसपास मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आणि लोणचे-पापड-चटणी धरता आपण आधीच त्याच्या पुढे असतो. काही गाड्यांवर तर ते चीजही नसते, पामतेलाचे 'ॲनालॉग' असते. कोपनहेगनचा प्रयोग त्याला लागू नाही.

आणि आता माझी चूक. गावातल्या भांड्यांच्या दुकानाचे मालक, वय ४८, माझ्याकडे वर्षभर येतात. धाकटा भाऊ ४४ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. तेव्हापासून शेठ घाबरलेले. वाईट कोलेस्टेरॉल १५८ होते. मी गोळी सांगितली, ते म्हणाले, सहा महिने पथ्य करून पाहतो. मी माझा छापील कागद दिला: तूप, लोणी, साय, खवा, वनस्पती, फरसाण, सगळे बंद. सहा महिन्यांनी आकडा १५४, आणि रक्तदाब उलट वाढलेला. मी वैतागून म्हटले, "शेठ, तूप चालू दिसते." त्यांच्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाल्या, "देवाच्या निरांजनाला लागते तेवढेच तूप घरात येते हो."

फिनलंडचे वाचन डोक्यात ताजे असल्याने या वेळी मी पहिल्यांदा विचारले, "चीज खाता?"

"खातो ना. पथ्य सुरू केल्यापासूनच. तूप बंद केले म्हणून ताकद कमी पडायला नको. सकाळी टोस्टवर दोन स्लाइस, संध्याकाळी दुकानात दोन क्यूब. कॅल्शियम असते त्यात."

घरी जाऊन मी तो छापील कागद पाहिला. दवाखाना काढला त्या वर्षी, १९९६ मध्ये, केलेला. त्यात अठरा पदार्थांची नावे आहेत, चीजचे नाही. तेव्हा गावात चीज मिळतच नव्हते, म्हणून लिहायचे सुचले नाही. पुढे मिळू लागले, मुलांच्या डब्यात शिरले, शीतकपाटात स्थिरावले, आणि मी दर दोन वर्षांनी तोच कागद नव्याने छापून आणत राहिलो. माणूस इमानेइतबारे पथ्य करत होता, त्याच्या कष्टाचे चीज मीच होऊ दिले नाही.

शेठना आता गोळी सुरू केली आहे. ती भावाच्या इतिहासाकडे पाहता आधीच करायला हवी होती, हेही त्यांना सांगितले. रोजचे चीज बंद. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी, पावाला बटर न लावता, एक पातळ पट्टी. वरणावर अर्धा चमचा तूप घ्यायला परवानगी दिली, तेव्हा वहिनींच्या चेहऱ्यावर जे आले ते कुठल्याही रिपोर्टात मोजता येणार नाही. बाईंनाही तेच सांगितले आहे. त्यांनी चीज नको, तूपच बरे, असा निर्णय दिला.

पातळ पट्टी म्हणजे केवढी, हे दाखवायला मी शेठपुढे बाईंचे ते हत्यार ठेवले आणि त्याची सारी जन्मकथा सांगितली. शेठनी ते उलटसुलट करून पाहिले, अंगठ्याने फटीची धार चाचपली, मुठीवर टिचकी मारली.

"डॉक्टर," ते म्हणाले, "हे होलसेलमध्ये कितीला पडेल?"